मुदत संपली, पण मोजली कुणी? बोलिव्हियाच्या घटनेची गोष्ट

‘सत्ताधारी आपल्या सोयीसाठी राज्यघटना बदलतात’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहायला सोपं आहे. पण त्यातून संशोधनाचा प्रश्न तयार होत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. प्रश्न विचारायचा तो वेगळा: ज्याच्याकडे बहुमत आहे, लोकप्रियता आहे, त्याला तरीही घटनेतल्याच एखाद्या कलमाचा आधार का शोधावा लागतो?

मिला व्हर्स्टीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2020 चा कोलंबिया लॉ रिव्ह्यूमधला लेख इथे उपयोगी पडतो. 2000 नंतर मुदत संपत आलेल्या राष्ट्राध्यक्षांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी खुर्ची टिकवायचा प्रयत्न केला, असं त्यांना दिसलं. पण घटना सरळ धुडकावून कुणीच बसून राहिलं नाही. प्रत्येकाने वाट शोधली ती नियमाच्या आतून.

ही वाट कशी असते ते बोलिव्हियात फार स्पष्ट दिसतं. एवो मोरालेस जानेवारी 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ते देशाचे पहिले मूलनिवासी राष्ट्राध्यक्ष. 2009 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने नवी घटना आली. तिच्या कलम 168 प्रमाणे मुदत पाच वर्षांची आणि सलग फेरनिवड फक्त एकदा. विरोधकांना शंका होतीच, म्हणून तडजोडीत एक संक्रमणकालीन तरतूदही घातली गेली: घटना लागू होण्यापूर्वीच्या मुदतीही मोजल्या जातील. (या तरतुदी घटनेच्या अगदी शेवटी असतात आणि आपण त्या वाचत नाही. वाचा. खरा सौदा बहुतेक वेळा तिथेच लिहिलेला असतो.)

या हिशोबाने 2009 ची निवडणूक जिंकल्यावर मोरालेस यांचा विषय संपायला हवा होता. पण 2013 मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने सांगितलं की 2009 मध्ये देशाची नव्याने स्थापना झाली, त्यामुळे पहिली मुदत जुन्या प्रजासत्ताकातली, ती धरायची नाही. म्हणजे जी तरतूद नेमकी याच युक्तिवादाला अडवण्यासाठी लिहिली होती, ती स्थापनेच्याच नावाने बाजूला सारली गेली. 2014 ला मोरालेस सुमारे 61 टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. पाठिंबा खरा होता, हे विसरून चालणार नाही. नाहीतर आपलं विश्लेषण नुसतं खलनायकाच्या शोधाचं होतं.

चौथ्या खेपेसाठी त्यांनी घटनादुरुस्तीचा सरळ मार्ग घेतला. 21 फेब्रुवारी 2016 ला सार्वमत झालं आणि 51 टक्क्यांहून थोडी जास्त मतं ‘नाही’ अशी पडली. नोव्हेंबर 2017 मध्ये तेच न्यायाधिकरण पुन्हा मदतीला आलं. अमेरिकन मानवी हक्क कराराच्या कलम 23 मध्ये राजकीय हक्कांवर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतात याची यादी आहे: वय, नागरिकत्व, निवास, भाषा, शिक्षण वगैरे. मुदतमर्यादा त्या यादीत नाही. सबब ती मानवी हक्काचा भंग! जो करार सत्तेला आवर घालण्यासाठी केला गेला, तोच सत्ताधाऱ्याच्या उमेदवारीचा आधार झाला. होंडुरासच्या न्यायालयानेही 2015 मध्ये हक्कांच्याच भाषेत फेरनिवडीवरची बंदी उठवली होती, आणि तिथला लाभार्थी उजव्या बाजूचा होता. त्यामुळे ‘डावे असे वागतात’ किंवा ‘उजवे असे वागतात’ हे गृहीतक इथेच गळून पडतं.

मग न्यायाधीश कुठून आले हे बघावं लागतं. बोलिव्हियात त्यांची निवड जनतेच्या मतदानाने होते; वरवर पाहता याहून लोकशाहीवादी काय असणार? पण उमेदवारांची यादी संसद दोन तृतीयांश मतांनी ठरवते, आणि तेवढी संख्या मोरालेस यांच्या पक्षाकडे होती. तुमचा विषय कोणत्याही देशाचा असो, निकालपत्राइतकाच वेळ नेमणुकीच्या प्रक्रियेला द्या.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर 2019 ची निवडणूक वादग्रस्त ठरली आणि निदर्शनं पेटली. लष्करप्रमुखांनी पद सोडण्याची ‘सूचना’ केल्यावर मोरालेस यांनी 10 नोव्हेंबरला राजीनामा दिला. हा उठाव होता की नाही यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. दोनच दिवसांनी संसदेत कोरम नसताना जेनिन आन्येझ यांनी राष्ट्राध्यक्षपद घेतलं. त्याला घटनात्मक म्हणणारं पत्रक कुणी काढलं? त्याच न्यायाधिकरणाने.

2021 मध्ये आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने मत दिलं की अमर्याद फेरनिवड हा मानवी हक्क नाही. डिसेंबर 2023 मध्ये बोलिव्हियाच्या न्यायाधिकरणाने ते मत उचलून धरलं आणि 2017 ची आपली भूमिका बदलली. तोवर मोरालेस यांचं त्यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाशी, लुईस आर्से यांच्याशी, बिनसलेलं होतं.