दारातली निवडणूक

निवडणुकीचे वर्ष आले की मध्यमवर्गीय घराला कंठ फुटतो. एरवी भाजीच्या भावापलीकडे न जाणारी जेवणावरची चर्चा थेट दिल्लीला जाऊन पोहोचते. २०२४ साली तर महाराष्ट्राने दोन निवडणुका पाहिल्या. एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची आणि २० नोव्हेंबरला विधानसभेची. दोन पक्षांचे चार झाले होते. घड्याळ कोणाचे नि धनुष्यबाण कोणाचा, हे शाळकरी मुलांनाही पाठ होते. बहिणींना दरमहा दीड हजार, एकवीसशे की तीन हजार, यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगत होते. लोकसभेला राज्यात सुमारे ६१ टक्के मतदान झाले, विधानसभेला सुमारे ६६ टक्के. बोटाला दोनदा शाई लागली आणि लोकशाहीचे कार्य यथासांग पार पडल्याचे समाधान घरोघरी पसरले.

मला मात्र त्या गदारोळात एका तिसऱ्या निवडणुकीची आठवण येत होती. ती २०२२ साली व्हायला हवी होती आणि झालीच नव्हती. आमच्या शहराने नगरसेवक निवडले ते २०१७ मध्ये. पाच वर्षांची मुदत संपली, नगरसेवक घरी गेले आणि कारभार प्रशासकाच्या हाती आला. मुंबईपासून अनेक शहरांची हीच कथा. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभाग किती सदस्यांचा असावा, त्याच्या सीमा कोणी आखाव्यात, असे वाद एकात एक गुंतले. सरकारे बदलली तसे नियम बदलले. प्रकरण न्यायालयात तारखांच्या फेऱ्यात सापडले.

आता १९९२ साली संमत झालेली ७४वी घटनादुरुस्ती काय सांगते? महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही; आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतके स्वच्छ लिहिलेले असूनही अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेही जमले नाही. मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठरली आणि १५ जानेवारीला महापालिकांचे मतदान झाले. २०१७च्या मतदानानंतर लगेच अठरा पूर्ण केलेल्या मुलाला आपला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी मिळाली, तेव्हा तो सव्वीस ओलांडून गेला होता.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते म्हणत, "बरे झाले हो! नगरसेवक नाहीत म्हणजे टक्केवारी नाही, भांडणे नाहीत. अधिकारी शिकलेले असतात, तेच नीट चालवतील." हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. जुन्या नगरसेवकांबद्दल मलाही भाबडे प्रेम नाही. पण प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच व्यक्तीकडे येतात. प्रस्ताव मांडायचा त्यानेच, मंजूर करायचा त्यानेच. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याला उभे राहून "हा खर्च कशासाठी?" असे विचारणारे सभागृहच नसते. शिवाय तो उत्तर देतो वरच्यांना. खालच्यांनी त्याला निवडलेले नसते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवली नाही. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ साली निवडून आलेल्या स्त्रिया दहा टक्केही नाहीत. बाई सार्वजनिक कारभार शिकते ती प्रभागात. ती शाळाच जवळजवळ चार वर्षे बंद राहिली.

विधानसभेच्या प्रचारात एक उमेदवार आमच्या गल्लीत आले होते. ढोलताशे, गुलाल, सगळा थाट. शेजारच्या वहिनींनी ओवाळले आणि ताट हातात धरूनच विचारले, "दादा, कोपऱ्यावरच्या गटाराला झाकण नाही. पोरं शाळेला तिथूनच जातात. कधी बसेल?" दादांनी हात जोडले. "वहिनी, ते महापालिकेचं काम. आपण विधानसभेसाठी उभे आहोत." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण वहिनींचा प्रश्न तरी कुठे चुकीचा होता? तो ऐकून घ्यायला बांधलेला माणूसच त्या साली अस्तित्वात नव्हता. ज्याचे दार ठोठवावे असा प्रतिनिधी नसला की मतदाराचा अर्जदार होतो, एवढाच काय तो फरक. पण तो फार मोठा आहे.

आता महापालिकांत पुन्हा सभागृहे आली आहेत. नवे नगरसेवक कोणत्या गटाचे, महापौर कोणाचा, ही चर्चा वाहिन्यांवर पुष्कळ झाली. आपले काम वेगळे आहे. प्रभागाच्या वाट्याला किती पैसा आला, तो कुठे गेला, हे वर्षातून दोनदा तरी विचारावे. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती भरवा म्हणून चार शेजाऱ्यांनी मिळून मागणी करावी. आणि पाच वर्षांनी मुदत संपत आली, की निवडणूक वेळेवर होणार ना, हे न्यायालयाआधी आपण विचारावे. दिल्ली आणि मुंबई यांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. कोपऱ्यावरच्या गटाराला आपल्याशिवाय कोणी नाही.