यू.पी.एस.ची बॅटरी

मुलांनो, संगणकावर काम चालू असताना अचानक वीज गेली तर काय होते? पडदा काळा होतो आणि जतन न केलेले सगळे लिखाण पुसले जाते. आपाचा शाळेचा प्रकल्प असो की अब्बांच्या दुकानाचा हिशेब असो, दोन तासांची मेहनत एका क्षणात वाया जाते. असे होऊ नये म्हणून संगणकाजवळ एक लहानशी पेटी ठेवतात. तिला यू.पी.एस. म्हणतात. वीज जाताच ही पेटी आपल्या पोटातल्या बॅटरीतून संगणकाला वीज पुरवते आणि 'पीं पीं' असा आवाज करून आपल्याला इशारा देते.

आपल्या वऱ्हाडाला वीज जाण्याची चांगली ओळख आहे. इ.स. 2005 नंतर काही वर्षे महाराष्ट्रात मोठे भारनियमन होते. गावोगावी रोज काही तास वीज बंद असे. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. अकोला जिल्ह्यात पारस येथे तर विजेचे मोठे केंद्रच आहे. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर वादळ सुटले, तारेवर झाडाची फांदी पडली की वीज जातेच. त्या वेळी यू.पी.एस.ची बॅटरी धड असेल तरच तिचा उपयोग.

ही बॅटरी आतून कशी असते ते पाहू. इ.स. 1859 मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाची बॅटरी तयार केली. आजच्या यू.पी.एस.मध्येही त्याच जातीची बॅटरी असते. तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले सल्फ्युरिक आम्ल असते. बॅटरी वीज देऊ लागली की पट्ट्यांवर लेड सल्फेट नावाच्या पदार्थाचा थर बसतो. पुन्हा चार्ज केली की तो थर निघून जातो. पण बॅटरी बरेच दिवस रिकामी पडून राहिली, तर हा थर कडक होतो आणि मग निघत नाही.

इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतात, हे तुम्ही पाहिले असेल. यू.पी.एस.ची बॅटरी मात्र बंद असते. तिच्यात पाणी घालता येत नाही. म्हणून तिचा सर्वांत मोठा शत्रू कोणता, सांगा पाहू? ऊन! उष्णतेने आतला ओलावा हळूहळू सुकतो आणि पट्ट्या झिजतात. साधारण हिशेब असा आहे की, 25 अंश तापमानात जी बॅटरी पाच वर्षे चालेल, ती सतत 35 अंश उष्णतेत अडीच वर्षांतच थकते. अमरावती आणि अकोला येथे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली तर खोली भट्टीसारखी तापते. त्यामुळे थंड हवेच्या गावापेक्षा आपल्याकडे बॅटरी लवकर बदलावी लागते.

बॅटरी थकली हे कसे ओळखावे? दिवा हिरवा दिसतो, म्हणून बॅटरी चांगली आहे असे समजू नका. तिची परीक्षा घ्या. आधी काम जतन करा. मग संगणक चालू ठेवून भिंतीवरचे बटण बंद करा आणि घड्याळ पाहा. नव्या बॅटरीवर संगणक किती मिनिटे चालला, ते कागदावर तारखेसह लिहून यू.पी.एस.वर चिकटवा. दर तीन महिन्यांनी अशीच परीक्षा घ्या. मिनिटे निम्म्यावर आली की नवी बॅटरी आणण्याची वेळ झाली. परीक्षा झाल्यावर बटण पुन्हा चालू करायला विसरू नका.

बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून थोडी खबरदारी घ्या. यू.पी.एस. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. तिला मोकळी हवा मिळू द्या; पण कूलरचे पाणी तिच्यावर उडू देऊ नका. तिच्यावर वह्या-पुस्तकांचा ढीग रचू नका. उन्हाळ्याच्या सुटीत गावाला जायचे असेल, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून यू.पी.एस. बंद करा.

बॅटरी बदलण्याचे काम मात्र मोठ्या माणसाकडून किंवा जाणकार मिस्त्रीकडून करून घ्या. प्लग काढला तरी बॅटरीत वीज असतेच. तिच्या दोन टोकांना एकाच वेळी पाना किंवा अंगठी लागली, तर ठिणगी उडून हात भाजतो. नवी बॅटरी जुनीइतक्याच व्होल्टची आणि मापाची हवी. घरगुती यू.पी.एस.मध्ये बहुधा 12 व्होल्टची एक बॅटरी असते. दुकानात बॅटरीवरची तारीखही पाहा, कारण कपाटात पडून राहिलेली बॅटरीसुद्धा म्हातारी होत असते. बॅटरी फुगलेली दिसली किंवा तिला उग्र वास आला, तर बटण बंद करा, तिला हात लावू नका आणि लगेच घरात सांगा.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका आणि घरी फोडू नका. शिसे विषारी असते. त्याची धूळ पोटात गेली, तर लहान मुलांच्या मेंदूला कायमचे नुकसान पोहोचते. वाया गेलेल्या बॅटऱ्यांसाठी भारत सरकारने इ.स. 2022 मध्ये नवे नियम केले आहेत. त्यांनुसार अशा बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. पुष्कळ दुकानदार तिची किंमत नव्या बॅटरीच्या पैशांतून वजा करतात. ते शिसे कारखान्यात वितळवून पुन्हा नव्या बॅटरीसाठी वापरता येते आणि तुमच्या मोहल्ल्यातील लहान भावंडेही सुरक्षित राहतात.