पाव इंच पाऊस

माझं काम ऐकून आमचे बाबा अजून हसतात. इथे अमेरिकेत मी बांधकामांवरच्या पावसाच्या पाण्याची तपासणी नोंदवणारं सॉफ्टवेअर लिहितो. "पाणी पडलं हे सांगाले कम्प्युटर कायले लागते?" हा त्यांचा प्रश्न.

उत्तर खरं तर आमच्या बोरगावातच आहे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, कारखान्यांचं बोरगाव. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. मी बी.ई.ला असताना घराच्या मागे दोन खोल्या काढल्या. रेती, गिट्टी, पायाची माती, सगळं रस्त्याच्या कडेला. मृगाचा पहिला पाऊस रात्रीच आला. सकाळी निम्मी रेती नालीत, नाली तुंबलेली, आणि चिखलाचं पाणी शेजारच्या काकूंच्या घरात. त्यांची वर्षाची तूरडाळ खाली पोत्यात होती. काकू भांडल्या नाहीत. "पाय ना बापू, डाळ गेली आमची," एवढंच म्हणाल्या. बाबांनी डाळ भरून दिली, पण त्या दिवाळीला पलीकडून फराळाचं ताट आलं नाही.

इथे एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची तर १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली परवाना लागतो, आणि माती कशी अडवणार याचा लेखी आराखडा. उताराच्या बाजूला कापडाचं कुंपण उभं करतात. त्याची खालची कड चरात पुरावी लागते. नाहीतर पाणी खालून निघून जातं आणि कुंपण नुसतं शोभेला उरतं. ट्रक बाहेर पडतो तिथे जाड गिट्टी पसरतात, म्हणजे चाकांचा चिखल रस्त्यावर येत नाही. केंद्रीय परवान्यात तपासणी दर ७ दिवसांनी. किंवा १४ दिवसांनी आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की २४ तासांत.

म्हणून इथे सगळे शहाणे, असं समजू नका. पंधरवड्याच्या नोंदी एका दुपारी, चार मिनिटांत भरलेल्या मी पाहिल्यात. सगळीकडे "ठीक आहे". तो माणूस गाडीतून उतरलाही नसेल.

आणि नियम आपल्याकडे नाहीत, असंही नाही. २०१६ च्या बांधकाम मलब्याच्या नियमांत स्पष्ट होतं: मलब्याने नाली अडू नये, ही जबाबदारी बांधणाऱ्याची. घर बांधताना हे आम्हाला ना ठेकेदाराने सांगितलं, ना आम्ही विचारलं.

यंदा बाबांनी वरचा मजला काढला. मी फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या: रेती लागेल तेवढीच आणा, ताडपत्रीखाली ठेवा, ढिगाला खालून विटांचा बांध घाला. बाबा "हो हो" म्हणाले. त्यांचं "हो हो" मला माहीत आहे.

जूनमध्ये फोटो आला. ढीग रस्त्यावर नाही, आपल्याच अंगणात. वर निळी ताडपत्री, भोवती विटा, आणि फाटकाशी रेतीच्या पोत्यांची ओळ. ती मी सांगितलीच नव्हती. विचारलं तर बाबा म्हणाले, "काकूनं ठेवाले लावली." फोटोत मागे त्या ओट्यावर बसलेल्या दिसतात, सूप घेऊन, डाळ पाखडत.