शब्द, साधन आणि शाळेतले गणित

श्रोतेहो, गणित हा वसंत व्याख्यानमालेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्या घरात गणिताचा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो. मूल गणितात मागे पडले, की आपण त्याच्या बुद्धीला दोष देतो, नाही तर मास्तरांना देतो. त्या मुलाच्या आणि गणिताच्या मध्ये आणखी दोन गोष्टी उभ्या असतात, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. एक भाषा आणि दुसरी साधने. या दोहोंचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार करण्यास आपल्या वर्धा जिल्ह्याइतकी योग्य भूमी दुसरी सापडणार नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, ते मातृभाषेतून द्यावे आणि एखादा उत्पादक हस्तोद्योग त्याच्या केंद्रस्थानी असावा, असे तेथे ठरले. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्राम हे नयी तालीमचे केंद्र झाले. म्हणजे भाषा आणि साधन या दोन्ही गोष्टी त्या ठरावांत शेजारी शेजारी बसलेल्या होत्या.

साधन कोणते? टकळी आणि चरखा. आज आपण चरख्याकडे केवळ स्मारक म्हणून पाहतो. पण मुलाच्या हातात ते गणिताचे यंत्र होते. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, असे सुताचे माप होते. मूल रोज १६० तार काढीत असेल, तर गुंडी किती दिवसांत पुरी होईल? चार दिवसांत. गुंडीची लांबी किती? २,५६० फूट, म्हणजे ८५३ यार्ड आणि वर एक फूट. सुताचा अंक काढावयाचा तर आणखी मौज. ८४० यार्डांची एक, अशा किती गुंड्या एका पौंडात बसतात, त्यावर गिरणीच्या सुताचा अंक ठरे. सूत जितके बारीक, तितका अंक मोठा. जाडी कमी होते आणि अंक वाढतो! व्यस्त प्रमाण म्हणतात ते हेच. पुस्तकात ते अर्ध्या पानाच्या व्याख्येत सापडते. येथे ते बोटांना कळते.

नयी तालीमचा प्रयोग सर्वत्र टिकला नाही. सेवाग्रामला मात्र २००५ साली आनंद निकेतन शाळेच्या रूपाने त्याला पुन्हा पालवी फुटली. प्रयोगाचा जमाखर्च मांडणे हा आजचा विषय नाही. त्यातून घ्यावयाचे सूत्र एवढेच, की ज्या साधनाचे अंतरंग मुलाला दिसते, ते साधन शिकवते. ज्याचे अंतरंग झाकलेले असते, ते नुसते उत्तर देते.

आता भाषेकडे वळू. आपले पाढे हेही एक साधनच होते, फक्त ते शब्दांचे बनलेले होते. आपल्या आजोबा-पणजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत असत. औट म्हणजे साडेतीन. हे घोकणे आज निरर्थक वाटते, पण त्या काळच्या व्यवहाराशी ते घट्ट बांधलेले होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. अशा व्यवहारात पाव, अर्धा आणि पाऊण यांचेच राज्य. सोळाची पावकी चार, म्हणून पाव रुपया म्हणजे चार आणे. हिशेब ओठांवरच तयार.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलोग्रॅम आणि मीटर आले. आण्याच्या जागी सव्वासहा पैसे आले आणि जुन्या पाढ्यांचे पाय त्यांच्याखालून निघून गेले. सवायकी-औटकी पाठ करण्याचे प्रयोजन उरले नाही. मापे बदलली तेव्हा पाढे बदलले. साधन बदलले, की भाषा बदलते, ती अशी. तरीही सव्वा, दीड आणि अडीच हे शब्द आपण सोडलेले नाहीत, आणि पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले तरी ‘चार आणे’ हा शब्द अजून तोंडी आहे. भाषा बदलते, पण तिच्या वेगाने.

हे ध्यानात ठेवून २०१९ सालच्या एका वादाकडे पाहावे. त्या वर्षी जूनमध्ये बालभारतीचे इयत्ता दुसरीचे गणिताचे पुस्तक आले. त्यात संख्यांच्या नेहमीच्या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचनही दिले होते. महाराष्ट्रात गदारोळ उठला. भाषेचा खून झाला, असे कोणी म्हणाले. कोणी विनोद केले. विधानसभेतही चर्चा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू शांतपणे मांडली. २०२३ च्या जुलैमध्ये त्या निवर्तल्या. पण त्यांनी दाखविलेली अडचण अजून जिवंत आहे.

ती अडचण अशी. आपण २७ लिहितो तेव्हा आधी दोन लिहितो, मग सात. बोलतो मात्र ‘सत्तावीस’, म्हणजे आधी सात आणि मग वीस. ‘पंच्याहत्तर’ ऐकले, की पाचाचा ध्वनी आधी कानावर पडतो आणि लहान मूल ५७ लिहून मोकळे होते. ते मूल मठ्ठ नाही; ते कानाशी प्रामाणिक आहे! त्यात पुन्हा एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद या संख्या ‘एक उणे’ अशा वजाबाकीने बनलेल्या, आणि नव्व्याण्णव मात्र एकट्याने त्या पंगतीतून उठलेले. त्र्याण्णवसारखी जोडाक्षरे वेगळीच. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेपलीकडे तेलुगू बोलतात, तेथे सत्तावीस म्हणजे ‘इरवै एडु’, सरळ वीस सात. तेथील मुलाला वीसपर्यंतच्या संख्या आणि दशकांची नावे आली, की नव्याण्णवपर्यंतचा रस्ता मोकळा. आपल्या मुलाला जवळजवळ शंभर नावे एकेक करून पाठ करावी लागतात.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नव्हे. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. नॉर्वेमध्येही तीच रीत होती. तेथे टेलिफोन वाढला, क्रमांक लांब झाले, आणि तोंडाने सांगितलेला क्रमांक लिहिताना व फिरविताना उलटापालट होऊ लागली. तेथील संसदेने ठराव केला आणि १ जुलै १९५१ पासून दशक आधी बोलण्याची नवी पद्धत शाळांत व सरकारी व्यवहारात सुरू झाली. एका यंत्राने एका राष्ट्राला मोजण्याची भाषा बदलावयास लावली. आणि तरीही तेथे जुनी पद्धत आजही बोलण्यात ऐकू येते. दोन्ही नांदतात, भाषा काही मेली नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. ‘सत्तावीस’ हा संस्कृत ‘सप्तविंशति’पासून घरंगळत आलेला, घासून गुळगुळीत झालेला सुंदर शब्द आहे; तो टाकून देण्याचे कारण नाही. बाजारात, घरात, म्हणींत तोच राहील. छत्तीसचा आकडा ‘तीस सहाचा आकडा’ झालेला कोणालाच रुचणार नाही. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘वीस सात म्हणजेच सत्तावीस’ असे सांगितले, तर त्याला संख्येचे अंतरंग दिसते. ‘वीस सात’ ही पायरी आहे. पायरी ही चढण्यासाठी असते. तिच्यावर घर बांधावयाचे नसते, आणि घर मोठे दिसावे म्हणून ती काढून टाकावयाचीही नसते.

हाच न्याय परिभाषेला लावावा. राज्यातील पुष्कळ मराठी शाळांत आता गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवितात; त्याला सेमी-इंग्रजी म्हणतात. पालकांची त्यामागची आशा खोटी नाही. पुढचे शिक्षण इंग्रजीत आहे, ही वस्तुस्थिती आहे. परंतु काय देऊन काय घेतो, ते पाहावे. ‘समद्विभुज’ या शब्दात सम आहे, दोन आहे, भुजा आहे. शब्द हीच व्याख्या. ‘छेद’ म्हणजे किती तुकडे केले, ‘अंश’ म्हणजे त्यांतले किती घेतले. ‘आयसोसेलीस’ हा शब्द मराठी मुलाला काहीच सांगत नाही. अर्थात मराठीची सगळीच परिभाषा अशी बोलकी नाही. ‘लसावि’ असे तीन अक्षरांत घोकले, तर ते ‘एल.सी.एम.’इतकेच मुके आहे. तेव्हा शब्द मराठी आहे की इंग्रजी, एवढ्यावर भागत नाही. तो उकलून दाखविला का, हे महत्त्वाचे. अर्थ आधी मराठीतून पक्का करावा आणि मग इंग्रजी नाव जोडावे. अर्थ कळलेल्या मुलाला दुसरे नाव शिकण्यास वेळ लागत नाही. नुसते नाव शिकलेल्याला अर्थ मात्र आपोआप कळत नाही.

शेवटी आजच्या यंत्राविषयी. आता पाठ्यपुस्तकावर चौकोनी संकेतचिन्ह असते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी योजनेतून त्याद्वारे धडा फोनवर दिसतो. बोर धरणाच्या परिसरातल्या आपल्या हिंगणीसारख्या गावी ही मोठीच सोय आहे, आणि तिला नावे ठेवणे योग्य नव्हे. पण याच फोनमध्ये गणनयंत्रही आहे, आणि त्याचे अंतरंग पूर्ण झाकलेले आहे. समजा, २७ क्विंटल सोयाबीन ४,००० रुपयांच्या भावाने विकले. फोनवर एक शून्य जास्त दाबले गेले आणि उत्तर आले १०,८०,०००. हे चूक आहे, असे ते यंत्र कधी सांगणार नाही. ज्याच्या मनात ‘पंचवीस चोक शंभर’ पक्के आहे, त्याला तत्काळ कळेल, की पंचवीस क्विंटलचेच एक लाख होतात. मग सत्तावीसचे पावणेअकरा लाख कसे? खरे उत्तर १,०८,०००. ज्याला अंदाज नाही, तो फोन दाखवील ते मान्य करील, आणि उद्या दुसऱ्याने दाखविलेला हिशेबही मान्य करील. अडाण्याचा अंगठा पूर्वी सावकाराच्या वहीवर उठत असे. तो आता काचेवर उठेल, इतकाच फरक.

म्हणून घरी एक साधा नियम करावा. आधी अंदाज तोंडाने, आपल्या भाषेत, मग कागद, आणि शेवटी पडताळ्यासाठी यंत्र. हा क्रम उलटू देऊ नये. आणि मुलाने पंच्याहत्तरला ५७ लिहिले, तर रागावण्याआधी त्याला विचारावे, की बाळा, आधी काय ऐकलेस? त्याच्या उत्तरात त्याचे गणित कोठे अडले आहे, ते आपल्याला सापडेल.