खेळाडू मुलाचे मार्क कॉलेजच्या कोचला कधी आणि कसे सांगावेत?

दहावी-बारावीचे निकाल लागले की चाळीसगावातल्या बऱ्याच घरांत फोन वाजतात. मुलगा कबड्डीत किंवा कुस्तीत विभागापर्यंत खेळलेला असतो, मुलगी धावण्यात जिल्ह्यात पहिली आलेली असते. जळगाव, धुळे, नाशिककडच्या कॉलेजचे क्रीडा शिक्षक विचारतात, "आमच्याकडे ॲडमिशन घेता का?" घर खूश होते. मग सर पुढचा प्रश्न टाकतात, "मार्क किती आहेत?" आणि घर एकदम गप्प.

कोणी म्हणते, मार्कशीट नंतर पाठवतो. कोणी पाच-दहा टक्के वाढवून सांगते. आणि बहुतेक अब्बांचे उत्तर ठरलेले, "सर, बच्चा खेलता अच्छा है ना, मार्क का क्या देखना!"

पण सरांना मार्क बघावेच लागतात. ते मुलाला पास-नापास ठरवायला विचारत नाहीत. त्यांच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना त्या आकड्यावरूनच कळते.

पूर्वी गोष्ट वेगळी होती. कोच प्राचार्यांना सांगायचे, प्राचार्य हो म्हणायचे, मुलाचा प्रवेश व्हायचा. आता २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. गुणवत्ता यादी संगणक लावतो. खेळाडू म्हणून सवलत मागायची असेल तर अर्जातच ती मागावी लागते, प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि सवलतीच्या जागांतही मार्कांप्रमाणेच क्रम लागतो. इंजिनिअरिंगला जायचे असेल तर बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के लागतात, वर सीईटी. तिथे राष्ट्रीय पदक असले तरी कोच एक टक्काही वाढवून देऊ शकत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या खेळाडूंच्या जागांसाठीही सीयूईटी परीक्षा द्यावीच लागते. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात आपल्या मुलांसाठी अल्पसंख्याक कोटा असतो. तुम्ही त्यातून अर्ज करणार असाल तर तेही कोचला सांगा, म्हणजे ते उगाच खेळाडूंच्या जागेचा हिशोब करत बसणार नाहीत.

दुसरे कारण त्यांच्या संघाचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आणि पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघातून खेळायचे तर मुलगा कॉलेजचा नियमित विद्यार्थी असावा लागतो. नापास होऊन वर्ष वाया गेले की नाव कॉलेजात राहत नाही आणि खेळही थांबतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाचीही मर्यादा आहे, म्हणजे वाया गेलेले वर्ष परत मिळत नाही. कोच मार्कशीट बघून अंदाज घेतात की हा मुलगा तीन वर्षे टिकेल का, कोणत्या विषयात अडकेल. मुलाला इंग्रजीत ३६ आहेत हे कळले तर चांगला कोच त्याला विज्ञानाऐवजी कला शाखा सुचवतो, सरावाच्या वेळा शिकवणीला सांभाळून लावतो. आकडा लपवला तर सल्लाही चुकीचाच मिळणार.

आमच्या भागातल्या एका मुलाचे असेच झाले. खरे मार्क ५२ टक्के, घरच्यांनी कोचला सांगितले ६२. सरांनी ६२ धरून कॉलेजांचे पसंतीक्रम भरायला सांगितले. दोन फेऱ्या गेल्या, नाव कुठेच लागले नाही. तोवर ५२ टक्क्यांवर सहज मिळाले असते ते कॉलेज भरून गेले होते. खोटे बोलण्यात वाईट हेतू नव्हता, लाज वाटली इतकेच. पण कोचकडे ५२ टक्क्यांची मुले दरवर्षी येतात, त्यांना त्यात काही नवल नसते.

म्हणून मार्क कमी असतील तर ते उलट आधी सांगायला हवेत. निकालाची वाट बघू नका. चांगला कोच अकरावीतच किंवा नववी-दहावीतच भेटला असेल तर तेव्हाच सांगा, सहामाहीत इतके आहेत, गणित कच्चे आहे.

काही पालक झहीर खानचे उदाहरण देतात. श्रीरामपूरचा मुलगा, शिक्षण सोडून क्रिकेटला गेला आणि भारताचा गोलंदाज झाला. पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. झहीर मेकॅनिकल इंजिनिअरिंगला शिकत होता. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू गोलंदाज हो, असे वडिलांनी सांगितले तेव्हा त्याच्या हातात सोडण्यासारखा प्रवेश होता. आपल्या मुलाच्या हातात तोही नसेल तर ही तुलना जमत नाही.

नोकरीचेही बघा. चाळीसगाव हे रेल्वे जंक्शन, इथे रेल्वेच्या खेळाडू भरतीची माहिती घराघरांत आहे. धोनी खरगपूरला तिकीट तपासनीस होता हेही सगळ्यांना पाठ असते. पण त्या भरतीतही शिक्षणाप्रमाणे पायऱ्या आहेत. सर्वात खालच्या पातळीला दहावी किंवा आयटीआय, त्यावर बारावी, आणखी वर पदवी. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्या पदाची शैक्षणिक अट सुटत नाही. पोलीस शिपायालाही बारावी पास लागतेच.

आता मार्क सांगायचे कसे? फोनवर तोंडी आकडा सांगू नका, मार्कशीटची स्वच्छ प्रत द्या. राज्य मंडळ खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण देते. ते मिळाले असतील तर त्यांच्यासह किती आणि त्यांच्याशिवाय किती, दोन्ही सांगा. हे गुण शाळेमार्फत प्रस्ताव गेला तरच मिळतात, निकालानंतर धावपळ करून काही होत नाही. बारावीला विषयवार मार्क दिसू द्या, नुसती टक्केवारी नको. एखादा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला आहे हेही त्याच वेळी सांगा.

आपल्या घरांत आणखी एक अडचण हमखास येते, ती नावाची. मार्कशीटवर 'शेख', आधारवर 'शेक', क्रीडा प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी. उर्दू शाळेच्या रजिस्टरमधून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग तीनदा बदलते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. आणि खऱ्या खेळाडूची फाइलही एका अक्षरावरून अडकते. हे आठवीतच दुरुस्त करून घ्या, बारावीनंतर फार त्रास होतो.

कागद देताना मूळ मार्कशीट आणि मूळ टीसी कोणालाही देऊ नका, कोच कितीही ओळखीचा असो. झेरॉक्स किंवा स्कॅन द्या. कागद खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, थेट सरांच्या नंबरवर किंवा कॉलेजच्या ईमेलवर पाठवा. मार्क विचारणाऱ्याला आधार आणि बँकेचे पासबुक कशाला हवे, हा प्रश्न जरूर विचारा. प्रवेशाच्या आधी पैसे आणि मूळ कागद मागणारा बहुधा दलाल असतो. मुलगी खेळत असेल तर संपर्काला अम्मीचा किंवा अब्बांचा नंबर द्या. चांगल्या कोचला त्यात गैर वाटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत असे काही पालक तिकडच्या स्कॉलरशिपबद्दल विचारतात. तिथे कोचचा पहिला प्रश्नच मार्कांचा असतो. कॉलेज खेळांची एनसीएए ही संस्था पहिल्या गटातल्या कॉलेजांसाठी १६ मुख्य विषय आणि ४ पैकी किमान २.३ सरासरी मागते, दुसऱ्या गटासाठी २.२. तिसऱ्या गटाची कॉलेजे आणि हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची कॉलेजे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे कोच मुलाचे मार्क आधी प्रवेश विभागाला दाखवतो आणि मगच पुढचे बोलतो.

त्यातली एक गोष्ट आपल्या पालकांना धक्का देते. तिथे नववीपासूनचे मार्क धरतात. आपल्याकडे नववीचे प्रगतिपत्रक निकालाच्या दिवशी बघतात आणि मग ते घरात सापडत नाही. ते उर्दूत किंवा मराठीत असेल तर ओळीन्-ओळ इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते. तुमचा मुलगा आज नववीत असेल तर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती या उन्हाळ्यातच घेऊन ठेवा.