विश्लेषण : मे महिन्याच्या उन्हातही मोबाइल चालतो, ‘बेरियम टायटनेट’चा त्यात काय वाटा?

मे महिन्यात नांदेड आणि लातूरमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तरी खिशातला मोबाइल चालू राहतो. त्याच्या सर्किट बोर्डावर वाळूच्या कणाएवढे कपॅसिटर असतात. एका स्मार्टफोनमध्ये त्यांची संख्या हजाराच्या आसपास जाते. त्यातील बहुतेक कपॅसिटरचा मुख्य घटक म्हणजे बेरियम टायटनेट हे सिरॅमिक.

हाच पदार्थ का?

‘लातूर पॅटर्न’मध्ये तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना कपॅसिटरचे सूत्र पाठ असते. दोन प्लेटांमधल्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे ‘के’, जितका मोठा, तितका जास्त विद्युतभार साठतो. अभ्रकाचा ‘के’ साधारण ५ ते ७ असतो, तर बेरियम टायटनेटचा हजाराच्या वर. त्यामुळे कपॅसिटर इतका लहान करता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान येथे हा गुण स्वतंत्रपणे लक्षात आला.

स्फटिकात काय घडते?

एक घनाकृती खोका डोळ्यांसमोर आणा. आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन आणि आत मधोमध टायटॅनियम. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम बरोबर मध्यभागी असतो आणि भार समतोल राहतो. तापमान त्याखाली आले की तो एका बाजूला किंचित सरकतो. खोका एका दिशेने साधारण एक टक्का लांबतो: एक बाजू ०.४०३ नॅनोमीटर, उरलेल्या दोन ०.३९९. खोक्याचे एक टोक धन, दुसरे ऋण होते. बाहेरून व्होल्टेज देऊन ही दिशा उलटवता येते आणि व्होल्टेज काढल्यावरही ती बऱ्याच अंशी टिकते. यालाच ‘फेरोइलेक्ट्रिक’ गुणधर्म म्हणतात. नावात ‘फेरो’ असले तरी त्यात लोखंड नसते. चुंबकाशी असलेल्या साधर्म्यावरून हे नाव पडले.

उन्हाचा परिणाम होतो का?

सुमारे ५ ते १२० अंशांदरम्यान स्फटिकाची रचना हीच राहते. मराठवाड्यातला उन्हाळा या टप्प्यातच बसतो. मात्र ‘के’ तापमानानुसार बदलतो आणि १२० अंशांजवळ एकदम उसळतो. म्हणून उत्पादक त्यात इतर मूलद्रव्ये मिसळतात. ‘एक्स७आर’ दर्जाच्या कपॅसिटरची क्षमता उणे ५५ ते १२५ अंशांत १५ टक्क्यांहून अधिक बदलत नाही. उन्हाचा खरा धोका बॅटरीला असतो. त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवणे टाळावे.

प्रयोगशाळेत कसे तयार करतात?

बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड खलात तासन् तास घोटून हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत ठेवतात. नंतर त्याच्या गोळ्या दाबून त्या साधारण १३०० अंशांवर भाजतात. रचना एक्स-रेने तपासतात. घनाकृती रचना असेल तर ४५ अंशांच्या कोनाजवळ एकच शिखर दिसते. खोका लांबला असेल तर त्याची दोन होतात.

पुढे काय?

गॅस लायटरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या सिरॅमिकमध्ये सहसा शिसे असते आणि ते विषारी आहे. बेरियम टायटनेटमध्ये कॅल्शियम व झिर्कोनियम मिसळून केलेल्या शिसेमुक्त पदार्थाने २००९ मध्ये जगभरातील संशोधकांचे लक्ष वेधले. पण त्याचा गुणधर्म सुमारे ९० अंशांनंतर टिकत नाही. हा अडथळा दूर करणे अजून बाकी आहे.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने आले तर हे पदार्थ समजणारे मनुष्यबळ लागेल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्याचे लातूर उपकेंद्र आणि परिसरातील विज्ञान महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी ही संधी आहे. या संशोधनाची सुरुवात खल आणि भट्टीपासून करता येते. त्यासाठी चिप कारखान्यासारखी अब्जावधींची यंत्रसामग्री लागत नाही.