पुसलेला नंबर आणि गल्ल्यामागचा माणूस

मोटार घरघरू लागली की जुने बेअरिंग कागदात गुंडाळून दुकानात नेले जाते. त्याच्या कडेवर कोरलेला नंबर म्हणजे त्याचा पत्ताच. ६२०४ मधील शेवटच्या ०४ ला ५ ने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २० मिलिमीटर. ०५ म्हणजे २५. मात्र ०० ते ०३ या लहान मापांना हा पाढा लागू नाही. ती अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटरची. ६३०४ त्याच शाफ्टवर बसते, पण बाहेरून ते ४७ ऐवजी ५२ मिलिमीटरचे असते, म्हणून ६२०४ च्या घरात ते शिरतच नाही.

नंबर शाबूत असेल तर दुकानाची वेबसाइट चोख काम करते. माल शिल्लक आहे की नाही एवढे कळले तरी एक खेप वाचते. अडचण येते ती गंजाने नंबर खाल्ल्यावर. शोधाच्या चौकटीत टाकायला काहीच उरत नाही. दुकानदार मात्र व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजतो. तीन मापांत बहुधा नंबर सापडतो.

मग तो विचारतो, ‘कशात बसवायचंय?’ प्रश्न साधा, पण मोलाचा. तापणाऱ्या मोटारीत आतली कडी प्रसरण पावते आणि छर्रे आवळले जातात. तिथे बऱ्याचदा जास्त फट ठेवलेले, ‘सी३’ खुणेचे बेअरिंग लागते. धूळ असेल तर रबरी झाकणाचे. छोट्या दुकानाने आधी व्हर्नियर घ्यावा, वेबसाइट नंतर.